पालेबाबांचं वजन

मनुष्य हा मुळात पाल्यावर जगणारा प्राणी आहे, आणि दूध, तूप, अंडी, मांस यांनी त्याचं आयुष्य फक्त खुंटतं, ही गोष्ट फसली सन तेराशे पन्नासच्या फाल्गुनात बेलगव्हाण मुक्कामी तराजूने सिद्ध झाली. पाच आठवडे ती सिद्धच होती.

बेलगव्हाण येडशी स्टेशनापासून दोन कोसांवर. महादेवाच्या देवळापुढं चिंचेच्या जाड फांदीला रेवणसिद्ध आडत्याचा धान्य तोलायचा तराजू टांगलेला, आणि त्याभोवती सोमवारच्या सकाळी अख्खं गाव जमलेलं. कडेवरची पोरं, काठीवरची म्हातारी, शेजारच्या तीन वाड्यांवरची माणसं. आपला बाप पहिल्यांदा घोड्यावर बसलेला बघावा तसे सगळे त्या रिकाम्या पारड्याकडे बघत होते.

गर्दीच्या मागच्या टोकाला सायकल धरून महांतप्पा उभा होता. महांतप्पा कळंबच्या सरकारी दवाखान्याचा सलोत्री, म्हणजे जनावरांचा डॉक्टर. मूळचा लोहाऱ्याकडचा, घरात निम्मं बोलणं कानडी, गळ्यात लिंग, आणि आयुष्यात अंड्याला हात लावलेला नाही. बुळकांडीची लस टोचायला तो आला होता. पण टोचायला जनावर आणणार कोण? गाव वजनाला आलेलं.

ओवरीचं दार उघडलं आणि पालेबाबा बाहेर आले. अंगाला भस्म, दाढी छातीपर्यंत, गाल तुकतुकीत. त्यांच्या पाठीमागं चेला धोंडीबा, हातात बेलाची तीन पानं असलेलं ताट. बाबा पारड्यात मांडी घालून बसले. रेवणसिद्धाने दुसऱ्या पारड्यात लोखंडी वजनं चढवली, काटा स्थिरावू दिला आणि लिलाव पुकारावा तशा आवाजात ओरडला, "एक मण तीस शेर!"

"हर हर महादेव!"

"पहिल्या सोमवारी किती होते?" धोंडीबाने विचारलं.

"एक मण चोवीस!" गावाने पाठ केलेलं उत्तर दिलं.

"आणि खाल्लं काय?"

"रोजची तीन पानं!"

अठ्ठावीस दिवसांत सहा शेर वाढ. महांतप्पाने मनातल्या मनात हिशेब केला. खुराकावर ठेवलेला चांगला खिलारी गोऱ्हाही एवढा भरत नाही, आणि त्याला पेंड लागते.

बाबांनी पारड्यातूनच प्रवचन सुरू केलं. "वाघ काय खातो? मांस. वाघ केवढा? हत्तीच्या मांडीएवढा! हत्ती काय खातो? पाला! हत्ती केवढा?" हात पसरून त्यांनी हत्ती दाखवला, तसं पारडं हललं. "मांस खाणाऱ्याचं रक्त तांबडं आणि तापट. पाला खाणाऱ्याचं रक्त हळूहळू हिरवं होतं आणि गार पडतं. दूध कुणाचं? वासराचं! वासराच्या तोंडचं हिसकून पिणारा तो माणूस का चोर?"

"चोर!" गावानं कबुली दिली.

"म्हणून दूध महादेवाला. सहा सोमवार व्रत पाळा. एका घरानं जरी थेंब चाखला, तरी साऱ्या गावाचं व्रत वाया."

मग गावकऱ्यांची वजनं झाली, कारण व्रत सगळ्यांचंच होतं. गावाचा पैलवान बलभीम दोन मणांवरून एक मण चौतीसवर आला होता. पारड्यातून उतरताना त्याने फांदीचा आधार घेतला.

"बाबा, आमचं घटतंय की."

"पाप गळतंय, बाळा."

बलभीम खूश झाला. पाप एवढं जड असतं हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

महांतप्पाने त्याला बाजूला घेतलं. "कसं वाटतंय, पैलवान?"

"लई हलकं वाटतंय, सलोत्रीसाहेब. मटण सोडलं आन् पोटातली जळजळ गेली बघा."

"आणखी काय सोडलं?"

"बाबांनी शिंदी बी सोडायला लावली. रोज दोन मडकी लागायची."

"मग जळजळ कशानं गेली? मटणानं का शिंदीनं?"

बलभीमाने बराच विचार केला. "दोन्ही एकाच दिवशी सोडलं. आता कसं कळायचं?"

"हेच मी म्हणतोय."

"पर साहेब," बलभीमाला एकदम आठवलं, "शिंदी तर झाडाचीच असती. ती का सोडायला लावली?"

"ते बाबांना विचार."

"विचारलं. म्हणले, ते झाड वाकडं असतं."

महांतप्पा जनावरांकडे वळला. गाई ठीक होत्या. वासरांपाशी मात्र तो थबकला. गोठ्यामागून गोठा बघत गेला आणि प्रत्येक ठिकाणी तेच दिसलं: वासरू आईपासून लांब बांधलेलं, बरगड्या मोजता येतील असं, केस उभे, शेपटी घाण. दूध वासराचं, असं गाव महिनाभर ओरडत होतं, आणि वासरांना हे कोणी कळवलंच नव्हतं. माणूस पीत नाही, वासरू पीत नाही. मग अठरा घरांचं, रोजचं वीस-बावीस शेर दूध जातं कुठं?

"महादेवाला," द्वारकाबाई म्हणाली. तिच्याच गोठ्यात तो बसला होता. "समदं दूध गुरवाच्या घरी जमतं. इरम्मा घंगाळ भरती, गुरव पिंडीवर वततो."

"आणि पिंडीवरून?"

"देव पितो की!" तिने हात जोडले. "गोमुखातनं एक थेंब बाहेर येत न्हाय, साहेब. जावा, बघून या."

महांतप्पा गेला. देवळाच्या उत्तरेला दगडी गोमुख होतं, गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी बाहेर सोडणारं. महिनाभर ज्याच्यामागं रोज घागरभर दूध ओतलं जातंय, ते फाल्गुनाच्या उन्हात आंबटाण वासानं घमघमायला हवं होतं. मुंग्यांची रांग हवी होती, माश्या हव्या होत्या. महांतप्पाने आत बोट घातलं. धूळ. कोळ्याने जाळंही विणलं होतं, आणि कोळी दुधाच्या धारेत जाळं विणत नाही. गोमुखाच्या डाव्या हाताला, गाभाऱ्याला चिकटूनच, बाबांची ओवरी होती. तिच्या छपराच्या फटीतून धूर येत होता. बाबा आत अखंड धुनी पेटती ठेवत. त्या धुराला भस्माचा वास नव्हता. महांतप्पाचं बालपण एका खव्याच्या भट्टीशेजारी गेलं होतं. त्याने एकदा दीर्घ श्वास घेतला आणि तो वास ओळखला.

एवढंच त्याने एका म्हाताऱ्याला विचारलं, की व्रताआधी देवळात कामं झाली होती का.

"व्हय. बाबांनी आठ दिवस देऊळ बंद ठेवलं व्हतं. शुद्धीसाठी. आतून नुसता कुदळीचा आवाज. केवढी शुद्धी!"

दुपारी इरम्माने त्याला घरी बोलावलं. इरम्मा गुरव महालिंगप्पाची बायको, वय पन्नासच्या पुढं, हातात एक गाठोडं. त्याने आधी ते कपड्याचं समजलं. त्यात दहा महिन्यांची नात होती.

"अप्पा, तुम्ही जनावरांचे डागदर, मला ठाव हाय. पर इथं दुसरं कोन हाय? माझी मल्लम्मा बाळंतपणात गेली. ही गंगी गाईच्या दुधावर होती. जलमल्यापास्नं. आता पाचवा सोमवार झाला, हिला बेलाचा रस देतोय."

"कुणी सांगितलं?"

"बाबांनी. म्हणले, पोरगी देवी होईल."

महांतप्पाने अशक्त वासराचं जे बघतात तेच बघितलं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच वर राहिली, खाली बसायला वेळ घेतला. टाळू खोल गेलेली. पोरगी रडतही नव्हती. रडायला जे लागतं ते तिच्यात शिल्लक नव्हतं.

"अव्वा," तो म्हणाला, "हिला आजच्या आज दूध द्या. थोडं, पाणी घालून, उकळून, दर घटकेला चमच्यानं. नाहीतर पुढच्या सोमवारी हिचं वजन करायची गरज पडणार नाही."

इरम्माने गाठोडं छातीशी धरलं. "व्रत मोडंल. मालक मला घरात ठेवणार न्हाईत. गाव म्हनल, गुरविणीनं देवाच्या तोंडचं काढलं."

"गाय किती खाते पाला?"

"लई."

"दिवसभर खाते, रात्री रवंथ करते, चार कप्प्यांचं पोट आहे तिचं. आणि तरी ती आपल्या वासराला पाला देते का? सहा महिने दूध पाजते. त्या मुक्या जनावराला जे कळतं ते बाबांना कळत नाही असं नाही, अव्वा. बाबांना चांगलं कळतं. म्हणून तर दूध तिकडं जातं."

रोज पहाटे इरम्माच्या हातातून बावीस शेर दूध जात होतं, आणि हात परत घरी येऊन बेल वाटत होते. ते हात तिने एकदा बघितले.

"म्हंजी देव पीत न्हाय?"

"ते आपण देवालाच विचारू. पुढच्या सोमवारपर्यंत. ज्वारीचं पीठ वस्त्रगाळ करा, पाण्यात कालवा आणि घंगाळात भरा. दुरून दुधासारखंच दिसतं. दूध घरोघर राहू द्या. पोरं पितील, वासरं पितील."

"देवाला पिठाचं पाणी? अप्पा, पाप लागंल!"

"ज्वारी झाडालाच येते ना? बाबांच्या हिशेबानं दुधापेक्षा शंभर पटीनं पवित्र."

इरम्माला तेवढं पुरे झालं. तिने चूल पेटवली आणि दूध उकळायला ठेवलं.

पुढचं बायकांनी केलं. संध्याकाळी इरम्मा विहिरीवर गेली. तिथं द्वारकाबाई होती, रेवणसिद्धाची आई लक्ष्मम्मा होती. दोघींच्या घरात पोरं किरकिरत होती, आणि दोघींनी महिनाभर हे कोणाला सांगितलं नव्हतं, कारण दुसरीची पोरं किरकिरत नाहीत असं दोघींनाही वाटत होतं. सूर्य मावळेपर्यंत अठराच्या अठरा घरांत निरोप पोचला. पुरुषांना कोणी सांगितलं नाही. पुरुष भांड्यात काय आहे ते बघत नाहीत; भांडं कुठं चाललं एवढंच बघतात.

मंगळवारी पहाटे महालिंगप्पाने घंगाळ पिंडीवर ओतलं. तो रोज भक्तीनं डोळे मिटून ओतत असे, त्यामुळं अडचण आली नाही. देवाने तक्रार केली नाही.

बुधवारी धोंडीबा चेला इरम्माच्या दारात आला. "आजी, दूध पातळ लागतंय."

"लागतंय?" इरम्मा म्हणाली. "कुणाला?"

धोंडीबा गडबडला. "दिसतंय. दिसतंय म्हणलं म्या."

"उन्हाळा हाय, बाबा. गाईंना चारा कुठं हाय?"

गुरुवारी तो पुन्हा आला. "महाराजांना दृष्टांत झाला. देव रुष्ट हाय. दूध सायीचं पायजे."

"देवानं महाराजांना सांगितलं?"

"व्हय."

"आमी देवाचे गुरव, सात पिढ्यांचे. देव आमाला का सांगत न्हाय?"

धोंडीबा मान खाली घालून गेला. मागच्या खोलीत गंगी पहिल्यांदा मोठ्यांदा रडली. तो आवाज ऐकून इरम्मा जागच्या जागी खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसली.

शुक्रवारी बाबांच्या खोलीतून करपल्याचा वास आला. ज्वारीचं पाणी धुनीवर आटवलं की त्याची बासुंदी होत नाही, पेज होते. आणि ढवळलं नाही तर ती बुडाला धरते.

सहाव्या सोमवारी गर्दी दुप्पट होती. महांतप्पा कळंबहून सायकल मारत आला तो सरळ पुढं जाऊन उभा राहिला. इरम्मा गंगीला घेऊन चिंचेखाली बसली होती. पोरीने सलोत्र्याच्या टोपीकडे हात केला. आठवड्यापूर्वी तिचा हात स्वतःच्या तोंडापर्यंत जात नव्हता.

बाबा बाहेर आले. गालांची तकाकी गेली होती. चालताना ते एका हातानं पोट धरत होते. पारड्यात बसले. रेवणसिद्धाने मागच्या आठवड्याचीच वजनं दुसऱ्या पारड्यात एकदमच चढवली, वर एक शेराचं घालायच्या तयारीनं हातात धरलं होतं. ते घालायची वेळ आली नाही. वजनाचं पारडं धाडकन जमिनीवर टेकलं आणि बाबा मांडीसकट वर गेले. जमिनीपासून कंबरभर उंचीवर ते झुलत राहिले.

रेवणसिद्धाने एकेक वजन काढलं.

"एक मण... सत्तावीस."

"दोन आठवड्यांचं एका आठवड्यात उतरलं," कोणीतरी पुटपुटलं. "पाप गळालं का बाबांचं?"

एक बाई फिसकन हसली. बाबांचा चेहरा लाल झाला, म्हणजे रक्त अजून हिरवं झालेलं नव्हतं.

"तराजू भ्रष्ट झालाय!" ते गरजले. "व्रत मोडलंय! महादेवाला फसवलंय! सहा दिवस अभिषेकात दूध नव्हतं, ज्वारीचं पीठ होतं! पीठ!"

महालिंगप्पा गुरवाने चमकून बायकोकडे बघितलं. इरम्माने नजर खाली घातली नाही.

महांतप्पा पुढं झाला. "महाराज, बरोबर बोललात. पीठच होतं. मीच सांगितलं होतं. पण दोन गोष्टी मला समजावून सांगा. गाभाऱ्यात काय ओतलं हे गुरवाला कळलं नाही, आणि दार बंद करून भिंतीपलीकडं बसलेल्या तुम्हाला चवीसकट कसं कळलं? आणि पीठ खाल्लं देवानं, मग वजन तुमचं का उतरलं?"

बाबांनी तोंड उघडलं. तोंडातून हत्ती आला नाही, वाघही आला नाही.

"बलभीम," महांतप्पा म्हणाला, "ओवरी बघून ये."

महिनाभर पाप गळून बलभीम हलका झाला असला तरी दार त्याच्या एका धक्क्यात उघडलं. धोंडीबा तेवढ्यात येडशीच्या वाटेनं पळत सुटला. त्याच्यामागं कुणी गेलं नाही, कारण आत बघायला जास्त मजा होती. बाबांनाही उतरायचं होतं. पण पारडं कंबरभर वर, मांडी घट्ट घातलेली, आणि भोवती अठरा घरांतल्या बायका. ते जिथं होते तिथंच झुलत राहिले.

ओवरीत गाभाऱ्याच्या भिंतीतून खापरी नळ आत आलेला होता. गोमुखाकडं जाणारी पन्हळ चुन्याने बुजवून वाट इकडं वळवलेली. नळाखाली तांब्याचं पातेलं, पातेल्याखाली धुनी. कोपऱ्यात साखरेचं गाठोडं, आणि फडक्यात बांधलेला, मागच्या आठवड्याचा, शेरभर खवा. पातेल्याच्या बुडाला करपलेल्या पेजेचा जाड थर बसला होता. बलभीमाने पातेलं बाहेर आणून पारड्यासमोर ठेवलं.

"बाबा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज रागापेक्षा दुखावलेला होता, "म्या महिनाभर मठ्ठा बी पिलो न्हाय. आन् तुमी बासुंदी?"

महालिंगप्पा पायरीवर बसला होता. "म्याच ओतत होतो," तो एवढंच म्हणाला. मग उठून चिंचेखाली गेला आणि इरम्माच्या हातातून गंगी घेतली. बराच वेळ त्याने ती कुणाला परत दिली नाही.

लोक आता बाबांना उतरवून बडवायच्या बेतात होते. महांतप्पाने हात वर केला.

"मारू नका. चौकीवर न्या. आणि जाण्याआधी माझं ऐका, नाहीतर पुढच्या साली उलटा बाबा येईल आणि बोकडाचं रक्त प्यायला लावेल. मी स्वतः मांस खात नाही, अंडं खात नाही. भाकरी, डाळ, शेंगदाणे, भाजी आणि वाटीभर दही यावर मी कळंबहून इथवर सायकल मारतो. भाजीपाला चांगलाच आहे. बलभीमाला मटण मानवत असेल तर तो त्याचा प्रश्न. कुठलं ताट बरं, हे विचारावं, जरूर विचारावं. पण एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा, आणि जे मोजायचं ते उघड्या दारानं मोजा. बंद खोलीतल्या माणसाचं वजन वाढलं यावरून आपल्या पोराचं दूध तोडू नका. हत्तीचं उदाहरण देणाऱ्याला आधी विचारा, हत्ती दिवसाला किती मण खातो. तीन पानांवर हत्तीही जगत नाही."

"पर साहेब," मागून एक म्हातारा म्हणाला. त्याला अजून काहीतरी वाचवायचं होतं. "बासुंदी खाल्ली असंल. पर बाबांनी पानं तर खाल्ली ना? रोज तीन? म्हंजी थोडा तरी गुण पानांचा असंल की."

द्वारकाबाई ओवरीत गेली होती ती तेवढ्यात बाहेर आली. तिच्या ओंजळीत वाळलेली, सपाट झालेली बेलाची पानं होती, बाबांच्या गादीखाली सापडलेली. रेवणसिद्धाने ती सगळ्यांदेखत मोजली. पहिल्या सोमवारपासून कालच्या रविवारपर्यंत पस्तीस दिवस होतात, आणि पानं एकशे पाच भरली.